सहमत आहात किंवा नाही

अकरावीला अर्थशास्त्र घेतलं,
कारण भूगोलाच्या तुकडीत जागा उरली नव्हती.
आई म्हणाली, "याच्यात पैसे कमवाले शिकवतात काय?"
मी म्हटलं, माहीत नाही,
पुस्तक अजून आलं नाही.

निनावे मॅडम फळ्यावर दोन रेघा मारत,
एक उभी, एक आडवी,
आणि म्हणत, या कोपऱ्यात आता बाजार आहे.
गोळीबार चौकातली ऑटोवाल्यांची भांडणं
खिडकीतून आत येत.
आम्ही एकोणतीस जणी बाजाराकडे पाहत बसायचो.
बाजारात कोणीच नव्हतं.
फक्त एक रेघ, वरून खाली, डावीकडून उजवीकडे,
उतारावर सोडून दिलेल्या सायकलीसारखी.

किंमत उतरली की मागणी वाढते,
इतर परिस्थिती कायम असताना.
"इतर परिस्थिती म्हणजे काय, मॅडम?"
नुसरतने विचारलं.
उत्पन्न, आवडीनिवडी, लोकसंख्या, हवामान,
पर्यायी वस्तूंच्या किमती.
"म्हणजे सगळंच की," ती हळूच म्हणाली
आणि वहीत 'सगळंच' लिहून
त्याला चौकट केली.
(नागपुरात हवामान तेवढं कायम असतं, मी म्हटलं.
मागच्या बाकावर कोणीतरी हसलं.)

आमच्या घरची इतर परिस्थिती
समोरच्या खोलीत छतापर्यंत रचलेली असायची:
पट्ट्या, जाळी, तारेची भेंडोळी,
इतवारीतून आणलेल्या वाळ्याच्या मोळ्या.
बाबा कूलरच्या ताट्या भरत.
मी मोळीवर बसून पाठ करायचे,
विस्तार, संकोच, वृद्धी, ऱ्हास,
आणि फ्रॉकला चिकटलेली कुसं काढायचे.
अजूनही 'लवचिकता' म्हटलं
की मला ओल्या ताटीचा वास येतो.

विस्तार वेगळा, वृद्धी वेगळी.
हा फरक चार गुणांचा.
किंमत बदलली तर बिंदू सरकतो
त्याच वक्रावर, खाली किंवा वर.
दुसरं काही बदललं
तर वक्रच उठतो आणि बाजूला जाऊन बसतो.
मॅडमनी निळ्या खडूने नवा वक्र काढला.
नुसरत जुना पुसायला उठली, तर म्हणाल्या,
"राहू दे. पेपरात दोन्ही दाखवायचे असतात."

बारावीच्या फेब्रुवारीत
बाबांनी ताटीमागे दहा रुपये कमी केले.
मग वीस.
फोन वाजेना.
समोरच्या इमारतीत हप्त्यांवर एसी आले होते,
एकेका खिडकीखाली एकेक पांढरी पेटी.
"भाव जास्तच होऊन राहिला वाटते,"
बाबा जेवताना म्हणाले.
भाव नव्हता.
मला आकृती काढून दाखवता आली असती,
तुटक रेघेसकट,
बाण डावीकडे.
मी मीठ मागितलं.

पेपरात आलं:
सहमत आहात किंवा नाही, सकारण स्पष्ट करा.
किंमत कमी केल्यास मागणी नेहमीच वाढते.
असहमत, लिहिलं.
उदाहरण द्यायचं होतं.
पेन थोडा वेळ तसाच धरून बसले,
बाहेर पाण्याची घंटा वाजली,
मग पुस्तकातलं चहा-कॉफी लिहून टाकलं.

घरी आले तेव्हा बाबा रस्त्यापलीकडे
त्या इमारतीच्या भिंतीला टेकून उभे,
पहिल्या मजल्यावरच्या एसीचं टपकणारं पाणी
बादलीत धरत होते.
नळ आलाच नव्हता, ताट्या भिजवायच्या होत्या.
दातांत खिळा धरलेला.
"काय आलं होतं?"
"मागणी," मी म्हटलं.
त्यांनी खिळा काढला,
बादली भरत आली का ते वाकून पाहिलं.
"आली काय," म्हणाले.